वस्तऱ्याचे पोलाद आणि मायकेल फॅरडे

पोळा किंवा दिवाळी जवळ आली, घराची झाडलोट सुरू झाली, म्हणजे जुन्या पेटीच्या तळाशी एखादी विसरलेली वस्तू हाती लागते. आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलुखात अशा पेट्यांतून कधी कधी आजोबा-पणजोबांच्या काळचा दुमडता वस्तरा निघतो. शिंगाची किंवा हाडाची मूठ, तीत मिटलेले पाते, पात्यावर गंजाचे तांबूस ठिपके आणि पात्याच्या मुळाशी ठोकलेली पुसट इंग्रजी अक्षरे, असे त्याचे रूप असते. घरातील वडीलधारी माणसे तो क्षणभर न्याहाळतात आणि भंगारवाल्याच्या तराजूत टाकावा की पुन्हा पेटीत ठेवावा, या विचारात पडतात.

त्या पुसट अक्षरांत इंग्लंडातील शेफील्ड या शहराचे नाव आणि त्याजवळ सिल्व्हर स्टील, म्हणजे रुप्याचे पोलाद, असे दोन शब्द कित्येकदा आढळतात. हे शब्द कोठून आले याचा माग काढीत गेल्यास आपण अशा एका पुरुषापाशी पोहोचतो की, ज्याचे नाव शाळेतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. परंतु वस्तऱ्याशी त्याचा काही संबंध असेल, अशी शंकाही कोणास येत नाही. तो पुरुष म्हणजे मायकेल फॅरडे. विजेची मोटार आणि विजेचे जनित्र ज्यांच्या शोधांतून जन्मास आले, त्या फॅरडे यांच्या तारुण्यातील जवळजवळ पाच वर्षे पोलादाच्या भट्टीपुढे गेली होती. त्यांचे चरित्र आम्ही येथे मुख्यतः या कमी परिचित बाजूने सांगणार आहोत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार होते. उत्तर इंग्लंडातील आपले खेडे सोडून ते पोटापाण्यासाठी राजधानीकडे आले होते. त्यांची प्रकृती नाजूक असे. कित्येक दिवस ऐरणीपुढे उभे राहणेही त्यांना जमत नसे. घरात चार मुले आणि मिळकत तुटपुंजी. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याचा एक पाव येई आणि तोच त्याला सात दिवस पुरवावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि जुजबी अंकगणित यापलीकडे त्याला काही मिळाले नाही. मात्र भात्याचा फुंकर आणि घणाचा घाव यांच्या सान्निध्यातच त्याचे बालपण गेले, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल लंडनमधील रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचविणारा पोऱ्या म्हणून लागला. मुलगा प्रामाणिक आणि चलाख आहे असे पाहून मालकाने पुढच्याच वर्षी त्याला पुस्तकबांधणीच्या कामावर सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून घेतले. पुस्तके बांधणारे अनेक असतात. बांधता बांधता ती वाचणारा एखादाच असतो. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर लिहिलेले सुबोध पुस्तक ही दोन वाचने त्याच्या मनात घर करून राहिली. वाचलेले खरे की खोटे हे स्वतःच्या हाताने पडताळावे, ही त्याची ओढ तेव्हापासूनची. पदरच्या चार पैशांतून काचेच्या बाटल्या आणि तारा आणून तो दुकानाच्या मागे लहानसहान प्रयोग करी.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. मायकेलने ती व्याख्याने एकाग्रतेने ऐकली, घरी येऊन सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्याच हाताने बांधून तो ग्रंथ डेव्ही यांच्याकडे पाठविला. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील एका मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी लोहाराचा हा मुलगा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीस लागला. वरच्या मजल्यावर राहण्यास खोली, शेकोटीस कोळसा, उजेडास मेणबत्त्या आणि आठवड्याचा थोडासा पगार, एवढे त्याचे वैभव होते. येथून पुढे आपण त्यांना फॅरडे म्हणू.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही दांपत्य युरोपच्या प्रवासास निघाले. त्यांच्या खासगी सेवकाने ऐन वेळी येण्याचे नाकारले, म्हणून फॅरडे यांनी शास्त्रीय मदतनिसाबरोबर गड्याचे कामही तात्पुरते पाहावे असे ठरले. ते तात्पुरते काम दीड वर्ष टिकले. सामानाची ने-आण, रोजचा हिशेब आणि मालकाची चाकरी करताना डेव्हीबाईंकडून त्यांना वारंवार कमीपणाची वागणूक मिळे. मन उद्विग्न होई, परंतु त्यांनी प्रवास सोडला नाही; कारण याच प्रवासात अँपिअर आणि व्होल्टा यांच्यासारखे विद्वान त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. १८१४ साली फ्लॉरेन्स येथे डेव्हींनी भल्यामोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला आणि मागे कर्बाचाच वायू उरला. चमकणारा हिरा आणि काळा कोळसा ही एकाच कर्बाची दोन रूपे आहेत, हे तरुण फॅरडे यांनी डोळ्यांनी पाहिले. जिनसेत लपलेला अल्पसा घटक तिचा सारा स्वभाव पालटू शकतो, हा विचार पुढे पोलादाच्या अभ्यासात त्यांच्या सोबतीस होताच.

आता पोलाद म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. शुद्ध लोखंड मऊ असते. त्याची धार टिकत नाही. त्याच्या शंभर भागांत सुमारे एक भाग कर्ब मिसळला म्हणजे वस्तऱ्याजोगे पोलाद तयार होते. आमच्या आठवडी बाजारातील लोहार विळा लाल तापवून पाण्यात बुडवितो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. या क्रियेने पोलाद अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, सुमारे दोनशे अंश सेल्सियसपर्यंत, तापवितात. पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग आला म्हणजे थांबावयाचे. ठिसूळपणा गेला आणि कठीणपणा राहिला, की पाते पाणीदार झाले. आच जरा अधिक झाली, रंग तपकिरी आणि मग निळा पडला, की धार धरण्याची शक्ती गेलीच म्हणून समजावे.

विळ्याचे चार दोष खपून जातात. वस्तऱ्याचा एकही खपत नाही. त्याची धार इतकी पातळ असते की, पोलादात कोठे अशुद्ध कण असला तर तेथेच ती तुटते आणि त्वचेला ओरखडा येतो. म्हणून पोलादाची खरी परीक्षा वस्तऱ्यात होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचे एक नामांकित कारागीर होते. शस्त्रक्रियेची हत्यारे, चाकू आणि वस्तरे घडविणे हा त्यांचा धंदा. उत्तम पोलाद कोठे मिळेल, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळीत असे, आणि त्याचे उत्तर त्यांना हिंदुस्थानातून आले.

ही हकीकत आम्हां मराठी वाचकांस विशेष वाटावी अशी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस हेलेनस स्कॉट नावाचे एक डॉक्टर राहत होते. त्यांनी येथील उत्कृष्ट पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्या पोलादाची परीक्षा प्रसिद्ध केली आणि त्याच कामी स्टोडार्ट यांनी त्याचा एक छोटा चाकू घडवून पाहिला. इंग्रजांनी या पोलादाला वूट्झ म्हटले. कानडीतील उक्कू या शब्दाचे ते रूप असावे असे मानतात. दक्षिण हिंदुस्थानातील कारागीर लोखंडाचे तुकडे लाकडी कोळशासह मातीच्या मुशीत घालीत, मुशीचे तोंड लिंपून घेत, तासन्‌तास भट्टीत धरीत आणि मग ती सावकाश निवू देत. दमास्कसच्या प्रख्यात तरवारी याच जातीच्या पोलादाच्या असत. स्टोडार्ट यांची या पोलादावर इतकी श्रद्धा बसली की, युरोपातील कोणत्याही पोलादाहून ते सरस आहे, असे त्यांनी आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावरच छापले. या गुणी वस्तूच्या कर्त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत. मोलाची विद्या अनामिक हातांत होती.

परंतु हे पोलाद समुद्रापलीकडून यावयाचे आणि तेही थोडे. तेव्हा त्यातील मर्म ओळखून तसेच पोलाद इंग्लंडात करता येईल काय, या जिज्ञासेने स्टोडार्ट यांनी १८१८ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेशी आपले काम जोडले. एकाकडे अर्ध्या शतकाच्या उंबरठ्यापलीकडचा अनुभव आणि धारेची पारख करणारी बोटे. दुसऱ्याकडे सत्तावीस वर्षांची उमेद आणि रसायनाची दृष्टी. कारागीर आणि शास्त्रज्ञ यांची ही जोडी होती, आणि त्यातील शास्त्रज्ञही लोहाराच्याच घरात वाढलेला होता.

फॅरडे यांनी प्रथम वूट्झचे पृथक्करण केले व ते १८१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांना त्यात सिलिका व ॲल्युमिना यांचा अंश आढळला आणि गुणाचे रहस्य ॲल्युमिनात असावे, असा त्यांचा समज झाला. तो समज पुढे टिकला नाही. कर्बाचे भरपूर प्रमाण, मुशीतील संथ निवणे आणि जपून केलेली घडाई यांवर या पोलादाचे गुण अवलंबून असतात, हे नंतर स्पष्ट झाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या संशोधनाने तर व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंशही त्यातील नक्षीस कारण होतो असे दाखविले. परंतु चुकीच्या तर्काने का होईना, फॅरडे यांच्या पावलांना एक नवी वाट सापडली. पोलादात दुसरे धातू थोड्या प्रमाणात मुद्दाम मिसळून पाहावे, ही ती वाट होय.

मग तळघरातील भट्टी पेटली ती वर्षानुवर्षे. निकेल, रुपे, सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम, क्रोमियम असे नाना धातू पोलादाशी वितळवून पाहण्यात आले. आकाशातून पडणाऱ्या लोहमय उल्कांत निकेल असते, म्हणून निकेलाने गंज टळेल काय हेही त्यांनी तपासले. ऱ्होडियम हा दुर्मिळ धातू वुलस्टन या शास्त्रज्ञाने आपल्या संग्रहातून दिला. प्रत्येक मिश्रणाची कांडी घडवावयाची, तिला पाणी द्यावयाचे, धार लावावयाची, आम्लाने धुऊन भिंगाखाली पाहावयाची आणि जे दिसेल ते वहीत टिपून ठेवावयाचे, असा क्रम चालू राहिला. स्वतः फॅरडे १८१९ साली वेल्समध्ये पायी हिंडून तेथील लोखंडाचे कारखाने पाहून आले. या कामावरचे दोन निबंध दोघांच्या नावाने १८२० व १८२२ साली प्रसिद्ध झाले.

ऱ्होडियममिश्रित पोलाद फार कठीण आणि उत्तम निघाले, पण त्याची किंमत सोन्याच्या मोलाची. प्लॅटिनमचेही तसेच. रुप्याची गंमत अशी की, ते पोलादात जास्त घातले तर निवताना घामाच्या थेंबांसारखे बाहेर पडे. परंतु पाचशे भागांस एक भाग एवढेच घातले तर आत राहून पोलाद सुधारल्यासारखे दिसे, आणि ते परवडणारेही होते. हीच रुप्याच्या पोलादाची जन्मकथा. शेफील्डमधील ग्रीन, पिक्स्ले आदी कारखानदारांनी ते उचलले आणि वस्तऱ्यांच्या पात्यांवर ते नाव झळकू लागले. पुढे पुढे नाव तेवढे राहिले, रुपे उरले नाही. उत्तम प्रतीच्या कोणत्याही पोलादास कारखानदार ते नाव देऊ लागले. तेव्हा पेटीतील वस्तऱ्यावर ते शब्द दिसले म्हणून त्यात चांदी सापडेल, अशी आशा धरून कोणी सोनाराकडे धाव घेऊ नये. ते शब्द चांदीचे नव्हे, तर एका प्रयोगाचे स्मारक आहेत.

१८२३ साली स्टोडार्ट निवर्तले आणि नंतर हे काम हळूहळू थांबले. एवढ्या श्रमांचे व्यापारी फळ म्हणावे असे काहीच फॅरडे यांच्या पदरात पडले नाही. आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे ते स्नेह्यांस भेट देत असत, एवढीच त्या वर्षांची दिसण्याजोगी मिळकत. जगाच्या हिशेबी वहीत ती वर्षे तोट्याच्या बाजूस मांडली गेली असती. विद्यार्थी मित्रांनी येथे क्षणभर थांबावे. परीक्षेत एक वर्ष वाया गेले तर ज्यांना सारे संपले असे वाटते, त्यांनी या तोट्याचे पुढे काय झाले ते पाहावे.

भट्टीपुढच्या याच दिवसांत, १८२१ च्या जूनमध्ये, त्यांचा सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी विजेच्या प्रवाहाने चुंबकाभोवती तार फिरवून दाखविली. ती जगातील पहिली विजेची मोटार म्हणता येईल. १८२३ साली त्यांनी क्लोरीन वायूचा द्रव केला, १८२५ साली बेंझीन शोधून काढले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्याभोवती तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्यांनी चुंबकत्वापासून वीज उत्पन्न करण्याचे तत्त्व सिद्ध केले. आज धरणावर किंवा औष्णिक केंद्रात फिरणारे प्रत्येक मोठे जनित्र त्या तत्त्वावर चालते. धातूंशी वर्षानुवर्षे घासलेला हात, एकेक घटक बदलून पाहण्याची शिस्त आणि निष्फळ प्रयोगही तितक्याच निष्ठेने टिपून ठेवण्याची सवय, ही भट्टीपुढे पक्की झालेली शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

आता पुन्हा त्या पेटीतील वस्तऱ्याकडे वळू. तो टाकावा की राखावा, हा निर्णय भावनेने नव्हे, तर फॅरडे यांच्या रीतीने, म्हणजे तपासून घ्यावा. प्रथम त्याचे वय पाहावे. पात्याच्या मुळाशी राजमुकुटाबरोबर डब्ल्यू. आर. ही अक्षरे असतील तर तो चौथ्या विल्यमच्या, म्हणजे १८३० ते १८३७ च्या काळातला, व्ही. आर. असतील तर १८३७ ते १९०१ या व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला समजावा. अमेरिकेने १८९० साली केलेल्या कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून इंग्लंड किंवा जर्मनी असे देशाचे नाव ठोकलेले पाते बहुधा त्यानंतरचे असते. शेफील्डप्रमाणेच जर्मनीतील झोलिंगेन हे गावही वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

मग प्रकृती पाहावी. पात्यास चीर आहे काय हे सर्वांत महत्त्वाचे. उजेडात तिरपे धरून भिंगाने धारेची सारी लांबी तपासावी. धारेपासून वर चढलेली बारीक रेषा दिसली तर ते पाते पुन्हा वापरात आणण्याचा विचार सोडावा. गंज वरवरचा असेल तर भिण्याचे कारण नाही. पण त्याचे खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर त्या ठिकाणी धार धरणार नाही. पाते सपाट काचेवर ठेवून वाकले आहे काय ते पाहावे. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती उगीच नव्हे. दगडावर घासताना पाठ आणि धार ही दोन्ही एकदम टेकतात आणि त्यामुळे धारेचा १६-१७ अंशांचा कोन आपोआप साधतो. पूर्वीच्या मालकाने निष्काळजीपणे घासून पाठ झिजविली असेल तर हा कोन बिघडलेला असतो. पात्यावर निळसर छटा दिसली तर कोणी तरी ते यंत्राच्या चाकावर धरून त्याचे पाणी उतरविले, असे समजावे. शेवटी मूठ पाहावी. शिंगास कीड आणि हाडास भेग पडते. जुन्या सेल्युलॉइडची मूठ विरू लागली म्हणजे तीतून निघणारी आम्लधर्मी वाफ पात्यालाच गंजविते; अशी मूठ ताबडतोब वेगळी करावी.

परीक्षेत उतरलेल्या पात्याचा जीर्णोद्धार धीराने करावयाचा असतो. तेल लावून एक-दोन दिवस ठेवले म्हणजे गंज सुटतो. नंतर अतिशय बारीक पॉलिशकागद व धातू उजळण्याचे मलम यांनी, पाठीकडून धारेच्या दिशेने, हाताने पुसावे. यंत्राचे चाक वापरू नये, कारण घर्षणाची उष्णता शंभर वर्षे टिकलेले पाणी एका क्षणात उतरविते. ठोकलेली अक्षरे व नक्षी घासून टाकू नये. तीच त्या वस्तऱ्याची जन्मपत्रिका असते. मग जाड, मध्यम व बारीक अशा क्रमाने सहाणेवर धार आणावी, प्रथम कापडी व नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ती परजावी आणि कोरडे करून तेलाचा हात द्यावा. ही कामे जाणत्या हाताची आहेत. जुनी धोपटी सांभाळून असलेले एखादे वृद्ध नाभिक काका गावात असतील तर त्यांच्याजवळ बसून ती पाहावीत. त्यांच्या बोटांना जे कळते ते पुस्तकात उतरत नाही. मुलांनी मोठ्यांवाचून वस्तऱ्यास हात लावू नये. तसेच एकाचा वस्तरा दुसऱ्यास लावल्याने रक्तातून रोग पसरतात, म्हणून आज दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पान घालतात, हेही ध्यानात असावे.

फॅरडे यांच्या पोलादाचाही असाच जीर्णोद्धार झाला, आणि त्याची कथा आमच्या गावांशी येऊन भिडते. त्यांचे ७९ नमुने एका लाकडी पेटीत शतकभर पडून होते. १९३१ साली शेफील्डचे विख्यात धातुशास्त्रज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासले आणि त्यांवर ग्रंथ लिहिला. मिश्र पोलादाच्या विद्येचा पाया फॅरडे यांनी कित्येक दशके आधी घातला होता, हे त्यातून जगास दिसले. ज्या क्रोमियमचे अल्प मिश्रण फॅरडे व स्टोडार्ट यांनी करून पाहिले होते, त्याचेच प्रमाण वाढवून १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद केले. आणि खुद्द हॅडफील्ड यांनी १८८२ साली मँगनीजयुक्त पोलाद शोधून काढले होते. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांस छेदतात तेथील झीज सोसणारे भाग या पोलादाचे करतात. मँगनीजचे नाव निघाले म्हणजे सौंसरचे नाव निघालेच पाहिजे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यात ज्या प्राचीन खडकांत मँगनीजचे साठे आहेत, त्यांना भूशास्त्रज्ञ सौंसर समूह या नावानेच ओळखतात. २०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील मुलांनी आपल्या पायाखालच्या दगडाकडे या दृष्टीने पाहावे.

फॅरडे यांचे उत्तरायुष्य त्यांच्या कीर्तीस शोभेसे गेले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध त्यांनी १८४५ साली दाखविला, तोही पूर्वी निष्फळ वाटलेल्या काचेच्या प्रयोगांतून उरलेल्या एका तुकड्याच्या साहाय्याने. नाताळात मुलांसाठी त्यांनी एकोणीस वर्षे व्याख्यानमाला दिल्या. मेणबत्तीसारख्या साध्या वस्तूवर बोलून ते सृष्टीचे नियम उलगडीत. सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद हे दोन्ही मान त्यांनी नाकारले. क्रिमियाच्या युद्धात विषारी वायू तयार करण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला नाही. १८५८ पासून राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात ते राहिले व तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी शांतपणे निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील थोरांच्या पंक्तीत नव्हे, तर हायगेटच्या साध्या स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

काळाचा न्यायही विलक्षण असतो. ज्यांनी वस्तऱ्याचे पोलाद सुधारण्यासाठी भट्टी पेटविली, त्यांच्याच दुसऱ्या शोधाने वस्तऱ्यास प्रतिस्पर्धी निर्माण केला. जेकब शिक यांचे विजेवर चालणारे दाढीचे यंत्र अमेरिकेत विक्रीस आले तेही १९३१ सालीच, फॅरडे यांच्या त्या थोर शोधाच्या शताब्दीच्या वर्षी. आज पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या केशकर्तनालयात गुणगुणणारे केस कापण्याचे यंत्र त्यांच्या फिरत्या तारेचेच वंशज आहे आणि शेजारच्या खणातील वस्तरा त्यांच्या पोलादाचा आप्त आहे. अनामिक हिंदी लोहाराची मूस, मुंबईच्या डॉक्टराचे टपाल, लंडनच्या कारागिराची बोटे आणि लोहारपुत्राची वही, या सर्वांचे श्रम त्या दोहोंत एकवटले आहेत. म्हणून जुने हत्यार आणि जुने अपयश यांविषयी आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, नीट पारखल्यावाचून त्यांपैकी एकही भंगारात घालू नये.